थंडी येणार हे माहीत होतं, तरी कोट नव्हते

१९४१ साली रशियात शिरलेल्या जर्मन शिपायाच्या बुटाच्या तळव्याला लोखंडी खिळे ठोकलेले असत. मैलोन् मैल चालून तळवा झिजू नये, म्हणून. बूट चामड्याचा, पायाला घट्ट बसणारा, दिसायला रुबाबदार. उन्हाळ्याच्या कूचाला तो उत्तमच होता. पण उणे तीस अंशांत तेच खिळे पावलातली ऊब ओढून जमिनीत सोडायला लागले, आणि बूट अगदी मापाचा असल्यामुळे आत दुसरा मोजा चढवायलाही जागा उरली नव्हती. समोरच्या रशियन शिपायाच्या पायात ‘वालेंकी’ असत. लोकर दाबून केलेले, गुडघ्याच्या जवळ येणारे, ओबडधोबड बूट. चामड्याचे बूट दिले तरी तिकडे एखाद-दुसरं माप मोठंच देत. आत गवत किंवा वर्तमानपत्राचा बोळा कोंबता यावा, एवढ्याचसाठी.

या दोन बुटांतला फरक थंडी पडल्यावर तयार झाला नाही. तो आदल्या वर्षीच बर्लिनमधल्या कचेऱ्यांत ठरून गेला होता. रशिया काही आठवड्यांत कोसळेल असं धरून सगळा आराखडा बनला. त्यामुळे हिवाळी कपड्यांचा हिशोब झाला तो फक्त जिंकलेला मुलूख सांभाळायला मागे राहणाऱ्या तुकड्यांपुरता. बाकीचे तोवर घरी परतलेले असणार होते.

‘रशियाच्या हिवाळ्यानं नेपोलियनला हरवलं आणि हिटलरलाही’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलोय. मला ते अर्धवट वाटतं. बाकीचे शत्रू कधी आणि कुठून येतील ते शोधायला हेर लागतात. हिवाळ्याची तारीख कुठल्याही खेडुताला ठाऊक असते. तरीही नामांकित सेनापती त्याच्या तावडीत उघड्या हातांनी सापडले. असं का झालं ते समजून घ्यायचं तर डिसेंबर बाजूला ठेवून आधी जून बघावा लागतो.

शार्ल मिनार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १८६९ साली, वयाच्या ८८व्या वर्षी, नेपोलियनच्या १८१२च्या मोहिमेचा एक तक्ता काढला. आकडेवारी चित्रातून कशी दाखवावी हे शिकवताना आजही जगभर तो तक्ता पुढे ठेवतात. त्यात रशियाच्या सरहद्दीवरच्या नेमान नदीपासून मॉस्कोपर्यंत जाणारा एक फिकट पट्टा आहे आणि परत येणारा एक काळा पट्टा. पट्ट्याची रुंदी म्हणजे सैनिकांची संख्या: दहा हजार माणसांना एक मिलिमीटर. निघताना आकडा ४,२२,०००. मॉस्कोत पोचताना १,००,०००. परतल्यावर १०,०००. निघताना दोन-तीन बोटांएवढा जाड असलेला पट्टा शेवटी काळ्या दोऱ्यासारखा होतो.

तक्त्याच्या तळाशी मिनारनं तापमानाचीही रेघ काढली आहे, पण फक्त परतीच्या वाटेखाली. साहजिकच बघणाऱ्याची नजर तिथेच जाते: काळा पट्टा, खाली घसरणारा पारा, शेवटी उणे ३०. (हे त्या काळच्या फ्रेंच मापातले अंश, आपल्या सेल्सिअसमध्ये उणे साडेसदतीस.) पण नजर जरा वर न्या. जाड पट्टा सर्वांत जास्त झिजलाय तो जाताना! काही फौज वाटेतली ठाणी आणि बगला राखायला मागे ठेवली होती हे खरं, तरी तो हिशोब सोडूनही मॉस्को दिसायच्या आत नेपोलियनचं निम्म्याहून जास्त मुख्य सैन्य संपलेलं होतं. आणि हे झालं जून ते सप्टेंबरमध्ये, भर उन्हाळ्यात.

इथेच घोडं पेंड खातं, आणि या वेळी अक्षरशः. नेपोलियननं २४ जून १८१२ला नेमान नदी ओलांडली. इतक्या उशिरा का? कारण त्याच्याबरोबर दीड लाखाच्या वर घोडे होते, आणि त्यांना चरायला गवत उगवून यायला हवं होतं. एका कामाच्या घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो दाणा-वैरण लागते. दीड लाख घोडे म्हणजे रोज पंधरा लाख किलो. हे सगळं बरोबर वाहून न्यायचं म्हटलं तर? चार घोड्यांची एक गाडी घ्या, तिच्यात एक टन वैरण भरा. ते चार घोडेच रोज चाळीस किलो खाणार. पंचविसाव्या दिवशी गाडी रिकामी, आणि तोफा ओढणाऱ्या किंवा स्वार पाठीवर घेतलेल्या घोड्याच्या वाट्याला त्यातलं काहीच नाही. लांबच्या मोहिमेत वैरण गाडीतून पुरवता येत नाही, ती वाटेवरच मिळायला लागते, आणि ती कुठे नि कधी मिळेल हे ऋतू ठरवतो. थंडीशी पहिली गाठ पडते ती अशी, गवताच्या रूपानं.

नेपोलियन काही बेसावध गडी नव्हता. त्यानं डान्झिग, क्यॉनिग्सबर्ग या बंदरांत धान्याची प्रचंड कोठारं भरून ठेवली होती. सैन्याबरोबर सुमारे २४ दिवसांची शिधासामग्री होती. पण हा चोवीस दिवसांचा आकडाच सगळं सांगून जातो. तीन आठवडे चालायचं, रशियन फौज गाठायची, एकच मोठी लढाई द्यायची, झार तहाला येईल, संपलं. ऑस्टरलिट्झला १८०५ साली असंच झालं होतं, १८०६ साली प्रशियातही तसंच. आधीच्या मोठमोठ्या मोहिमा याच पद्धतीनं जिंकलेल्या माणसाला ही पद्धत चुकेल असं का वाटावं? फाजील आत्मविश्वास मूर्खांना होतो असा आपला समज असतो. मला तर उलट दिसतं. तो हमखास होतो तो ज्यांचं आजवर बरोबर आलंय त्यांना.

रशियन सैन्य लढायला थांबलंच नाही. ते मागे हटत राहिलं आणि जाताना कोठारं जाळत राहिलं. नेपोलियन पाठलाग करत विल्नाला आला, विटेब्स्कला आला, ऑगस्टमध्ये स्मोलेन्स्कला आला. नदी ओलांडल्यावर काही दिवसांतच गारठ्याचा वादळी पाऊस झाला. अर्धवट पिकलेलं हिरवं धान्य खाऊन आधीच पोटं बिघडलेले घोडे त्यात हजारोंनी मेले. मग पुन्हा कडक ऊन, धूळ, घाण पाणी, हगवण. पोलंड-लिथुआनियातल्या चिखलाच्या वाटांवर अवजड गाड्या रुतल्या, भाकरी मागे राहिली आणि माणसं पुढे गेली. कपड्यांत उवा झाल्या, आणि उवांबरोबर ताप आले. २००१ साली लिथुआनियाची राजधानी विल्नियस (म्हणजे तेव्हाचं विल्ना) इथे बांधकामाचं खोदकाम करताना एक सामूहिक दफनभूमी सापडली. तीन हजारांहून जास्त सांगाडे. सैनिकांच्या रेजिमेंटचे आकडे असलेल्या बटणांवरून ते नेपोलियनचे शिपाई असल्याचं कळलं, आणि मातीत मिळालेल्या उवांच्या अवशेषांत ‘ट्रेंच फीवर’ या तापाचे जंतू असल्याचं प्रयोगशाळेत दिसून आलं.

बटणांवरून आठवलं. फौजेची बटणं कथिलाची होती, थंडीत कथिलाची भुकटी झाली, विजारी हातात धरून चालावं लागलं म्हणून सैन्य हरलं, अशी एक कथा सोशल मीडियावर फिरत असते. कमी तापमानाला शुद्ध कथील ठिसूळ होऊन त्याची भुकटी होऊ शकते, एवढं रसायनशास्त्र खरं. पण ती क्रिया अतिशय संथ असते, आणि बटणं काही सगळी शुद्ध कथिलाची नसायची. ज्या कबरींतून ती दोनशे वर्षांनी आकड्यांसकट वाचता आली, त्यांचाच दाखला पुरे आहे. ही गोष्ट पुढे पाठवू नका.

७ सप्टेंबरला बोरोडिनोची लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सत्तर हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. रशियन सेनापती कुतुझोव्ह पुन्हा मागे हटला आणि १४ सप्टेंबरला नेपोलियननं मॉस्कोत पाऊल टाकलं. नेमान ओलांडून ८२ दिवस झाले होते. शहर जवळपास रिकामं होतं, आणि रात्रीपासून ते जळायला लागलं.

आता इथे थोडं थांबू या, कारण माझ्या मते सगळी मोहीम इथे बुडाली. मॉस्को हातात आलं म्हणजे झार तहाचं बोलणं लावेल, हा नेपोलियनच्या योजनेतला शेवटचा टप्पा. पण तो टप्पा पार पाडायचा होता शत्रूनं. झार अलेक्झांडर सेंट पीटर्सबर्गमध्ये गप्प बसला. नेपोलियननं पत्रं पाठवली, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपला वकील कुतुझोव्हच्या छावणीत धाडला. उत्तर नाही. वाट बघण्यात ३५ दिवस गेले. त्या वर्षी मॉस्कोचा शरद ऋतू नेहमीपेक्षा ऊबदार होता, आणि तेही नडलंच. नेपोलियनच्या जवळच्यांपैकी कोलँकूर नावाचा सरदार चार वर्षं सेंट पीटर्सबर्गला फ्रान्सचा राजदूत होता. तिथला हिवाळा काय असतो ते त्यानं सम्राटाला वारंवार सांगितलं होतं. बाहेर छान ऊन पडलेलं असताना अशा माणसाचं बोलणं रडगाणं वाटतं. नेपोलियनलाही तसंच वाटलं.

कोलँकूरकडे बादशाही घोड्यांची जबाबदारी होती. त्यानं त्या घोड्यांना बर्फावर पकड घेणारे टोकदार नाल मारून घेतले. बाकीच्या सैन्याच्या घोड्यांचे नाल साधे, गुळगुळीतच राहिले. नोव्हेंबरमध्ये रस्ता काचेसारखा झाला तेव्हा या एका गोष्टीची किंमत कळली. चढणीला घोडे घसरून पडत, उठत, पुन्हा पडत. उपाशी, दमलेलं जनावर तीनदा पडलं की चौथ्यांदा उठत नाही. मग तोफ सोडून द्यायची, दारूगोळ्याची गाडी सोडून द्यायची, जखमींची गाडीही. आणि जनावर गरम असतानाच त्याचं मांस कापून घ्यायचं. नालाच्या चार टोकांचं काम सप्टेंबरमध्ये मॉस्कोतल्या कुठल्याही लोहाराच्या भट्टीवर झालं असतं. त्यासाठी फक्त कुणीतरी ‘आपण नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर असू’ असं कबूल करायला हवं होतं.

१९ ऑक्टोबरला सैन्य निघालं. गाड्यांत चांदीची भांडी, चित्रं, रेशमी कापडं खच्चून भरलेली, भाकरी मात्र थोडी. दक्षिणेच्या न लुटलेल्या प्रदेशातून जायचा बेत होता, पण मालोयारोस्लावेट्सच्या लढाईनंतर सैन्य पुन्हा आल्या वाटेवर ढकललं गेलं. म्हणजे त्यांनी स्वतःच उन्हाळ्यात साफ केलेली, जिथे ना दाणा ना काडी, तीच वाट. कडाका पडला तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. मिनारच्या आकड्यांवर विश्वास ठेवला तर तोवर मॉस्कोहून निघालेल्या लाखातले जवळजवळ निम्मे गळले होते. थंडी आली ती या उपाशी, घोडे गमावलेल्या, शिस्त सुटलेल्या गर्दीवर.

आणि बेरेझिनाचं काय झालं ते तर ऐकण्यासारखं आहे. नोव्हेंबरच्या अखेरीला ही नदी आडवी आली. थंडी टिकली असती तर बर्फावरून पलीकडे जाता आलं असतं. नेमकं तेव्हाच हवा थोडी उबली, बर्फ फुटला, आणि पाण्यातून हिमाचे तुकडे वाहायला लागले. पुलाचं सामान काही दिवसांपूर्वीच सम्राटाच्या हुकमानं जाळलेलं होतं. एब्ले नावाच्या वयस्क सेनापतीनं मात्र हत्यारांच्या काही गाड्या, लोहाराच्या दोन फिरत्या भट्ट्या आणि कोळसा मागे ठेवला होता. त्याच्या सुमारे चारशे पूल बांधणाऱ्यांनी, त्यात बहुतेक डच, जवळच्या खेड्यातली लाकडी घरं पाडली आणि छातीएवढ्या पाण्यात उभं राहून दोन पूल उभारले. पूल तुटत होते, ते पुन्हा पाण्यात उतरत होते. त्यांतले फार थोडे जगले. एब्लेही महिना-सव्वा महिन्यात गेला. या पुलांवरून हजारो माणसं सुटली. पण २८ तारखेच्या रात्री पूल बराच वेळ मोकळे असताना मागे राहिलेले हजारो लोक शेकोट्यांभोवती बसूनच राहिले. उठा, चला, सकाळी पूल जाळणार आहोत, असं सांगूनही उठेनात. सकाळी पूल पेटवले आणि मग त्यांनी पाण्याकडे धाव घेतली.

ती माणसं का उठली नाहीत? याचं उत्तर शरीरशास्त्रात आहे. आपलं शरीर आतून ३७ अंशांवर चालतं. ते थोडं खाली उतरलं की आधी हुडहुडी भरते, कारण स्नायू हलवून ऊब तयार करायचा तो शरीराचा शेवटचा उपाय असतो. त्याला इंधन लागतं. पोटात काही नसेल तर ही भट्टी फार वेळ पेटत नाही. थोडं आणखी खाली गेलं की हुडहुडी थांबते, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस सावरला. प्रत्यक्षात त्याचा मेंदू मंद होत असतो. बोलणं जड होतं, निर्णय घेता येत नाही, कशाचंच काही वाटेनासं होतं. शेवटी काहींना उकडल्यासारखं वाटून ते अंगावरचे कपडेही काढतात. हे सगळं होत असताना शरीर आतल्या अवयवांसाठी ऊब राखायला हातापायांचा रक्तपुरवठा आवळून धरतं. म्हणून बोटं, नाक, कान पहिल्यांदा जातात. त्यांच्यातलं पाणी गोठून पेशी फुटतात आणि भाग काळा पडतो. नेपोलियनचा मुख्य शल्यवैद्य लारे यानं तेव्हाच नोंदवलं होतं की गोठलेले पाय थेट शेकोटीवर धरणाऱ्यांचे पाय सडतात. त्यानं सुचवलेला बर्फ चोळण्याचा उपाय पुढे शंभरहून अधिक वर्षं चालला. तोही अपायकारक असल्याचं आता डॉक्टर सांगतात. पण एकदा शेकलेला पाय पुन्हा गोठला की सर्वांत वाईट, ही त्याची नोंद आजही खरी आहे. दिवसा चालायचं, रात्री शेकायचं, सकाळी परत चालायचं, हा तर माघारीचा रोजचा क्रमच होता.

आता पुन्हा १९४१. जर्मन फौज २२ जूनला रशियात शिरली. तीस लाखांहून जास्त माणसं, हजारो रणगाडे, आणि त्यांच्याबरोबर सहा लाखांच्या वर घोडे! जर्मन सैन्य म्हटलं की आपल्याला फक्त रणगाडे आठवतात, पण त्याच्या तोफा आणि शिधा मोठ्या प्रमाणावर घोडेच ओढत होते. लष्करप्रमुखांच्या कचेरीतला मुख्य अधिकारी हाल्डर यानं ३ जुलैच्या रोजनिशीत लिहिलं की ही मोहीम दोन आठवड्यांतच जिंकली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होणार नाही. त्याच हाल्डरची ११ ऑगस्टची नोंद अशी, की आपण रशियाच्या सुमारे २०० डिव्हिजन (हजारो शिपायांच्या मोठ्या तुकड्या) धरल्या होत्या, आतापर्यंत ३६० मोजून झाल्या. या दोन नोंदींमध्ये जेमतेम चाळीस दिवस आहेत. हिशोब चुकल्याचं ऑगस्टमध्येच कळलं होतं, तर कोट तेव्हा का मागवले नाहीत? काही प्रमाणात मागवले. पण तोवर अडचण कोटांची उरली नव्हती, रेल्वेची झाली होती.

रशियाचे रूळ युरोपपेक्षा साडेतीन इंच जास्त रुंद. जर्मन गाडी त्यावर धावत नाही. त्यामुळे जिंकलेल्या प्रत्येक किलोमीटरचा एक रूळ उखडून आत सरकवून पुन्हा ठोकायचा. शिवाय रशियन इंजिनं मोठी असल्यामुळे त्यांची पाणी-कोळशाची ठाणी लांब लांब होती, तीही कमी पडत. ऑक्टोबरमध्ये पाऊस आला आणि कच्च्या रस्त्यांचा असा चिखल झाला की मोटारी आसापर्यंत रुतल्या. मग नोव्हेंबरमध्ये जमीन गोठली आणि रस्ते कडक झाले, तेव्हा उलट रणगाडे पुढे जाऊ शकले. थंडीनं तेवढी मदतही केली. पण तीच थंडी वाढल्यावर जर्मन रेल्वे इंजिनांचे बाहेरून नेलेले नळ गोठून फुटले आणि बहुतेक इंजिनं बंद पडली. आगगाड्या आधीच कमी. त्यांत काय भरायचं: पेट्रोल, दारूगोळा, की कोट? मॉस्को आठवड्यावर आलंय असं वाटणाऱ्यानं दारूगोळाच भरला. कोट पोलंडमधल्या गोदामांत पडून राहिले.

५ डिसेंबरला रशियन फौजांनी मॉस्कोपुढे उलटा हल्ला चढवला. २० डिसेंबरला हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स यानं रेडिओवरून जर्मन जनतेला लोकरीचे कपडे, फरचे कोट, स्की दान करायचं आवाहन केलं. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. बर्लिनच्या बायकांचे फरकोट गोळा होऊन आघाडीवर पोचेपर्यंत हिवाळ्याचं निम्मं काम झालं होतं. हिमदंशाचे रुग्ण एक लाखाच्या वर गेले. त्या हिवाळ्यात लढलेल्यांना पुढे एक पदक मिळालं. शिपायांनी त्याचं नाव ठेवलं ‘गोठलेल्या मांसाचं पदक’.

यावरून कुणाला वाटेल की हिवाळा रशियाच्याच बाजूचा. तसं असतं तर फिनलंडमध्ये वेगळं घडलं असतं. ३० नोव्हेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा छोट्याशा फिनलंडवर चालून गेल्या, आणि तिथेही हिशोब थोड्या दिवसांचाच होता. सुओमुसाल्मीच्या जंगलात एका अरुंद रस्त्यावर आख्खी ४४वी डिव्हिजन लांबलचक पसरली. शिपाई बरेचसे युक्रेनकडचे. स्कीवर चालण्याचा सराव नाही, बर्फावर उठून दिसणारे गडद कपडे. फिनिश शिपाई पांढरे झगे घालून झाडांतून घसरत येत, रस्ता जागोजागी तोडत, आणि नेम धरून सैन्याच्या फिरत्या स्वयंपाकघरांवर हल्ला करत. गरम जेवण बंद झालं की बाकीचं काम थंडी करते हे त्यांना नीट ठाऊक होतं. अशा तोडलेल्या तुकड्यांना ते ‘मोत्ती’ म्हणत. चिरून रचून ठेवलेल्या जळणाच्या ढिगाचा हा शब्द. जानेवारी १९४०च्या पहिल्या आठवड्यात ती डिव्हिजन संपली. शेवटी संख्याबळावर रशियानं मार्चमध्ये फिनलंडला तह करायला लावला आणि त्याचा जवळपास दहावा हिस्सा मुलूख घेतला, हेही सांगायलाच हवं. हिवाळा मोहिमेचा निकाल एकटा लावत नाही.

नेपोलियनच्या शंभर वर्षं आधी स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याच मार्गानं गेला होता. रसद घेऊन येणाऱ्या फौजेची वाट न बघता तो दक्षिणेकडे वळला. १७०८-०९चा तो हिवाळा युरोपातल्या सर्वांत भयंकर हिवाळ्यांपैकी एक ठरला, आणि जुलै १७०९मध्ये पोल्टावाला त्याचं उरलंसुरलं सैन्य बुडालं. नेपोलियनला हा इतिहास चांगला माहीत होता.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर ते फार जवळचं आहे, फक्त फारसं सांगितलं जात नाही. जम्मूच्या राजा गुलाबसिंगांचा सेनापती जोरावरसिंग. लडाख आणि बाल्टिस्तान जिंकून झाल्यावर १८४१च्या उन्हाळ्यात तो पाच-सहा हजार माणसं घेऊन पश्चिम तिबेटात शिरला. ठाणी भराभर पडत गेली. सप्टेंबरमध्ये तो मानसरोवर ओलांडून तकलाकोटला होता, लडाखपासून सातशे किलोमीटर दूर, नेपाळ आणि कुमाऊंच्या सीमेजवळ. मग खिंडी बर्फानं बंद झाल्या आणि ल्हासाहून मोठी फौज आली. इंग्रज अधिकारी कनिंगहॅमनं थोड्याच वर्षांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. उंची त्याच्या म्हणण्यानुसार पंधरा हजार फुटांच्या वर, जळायला फक्त तिकडची काटेरी झुडपं, ज्यांचा जाळ कमी आणि धूरच जास्त. कित्येकांच्या हातापायांची बोटं निकामी झालेली. काही शिपायांनी घटकाभर ऊब मिळावी म्हणून आपल्या बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. शेवटच्या दिवशी निम्म्या माणसांना हत्यार हातात धरताही येत नव्हतं.

बंदुकीचा दस्ता जाळणारा तो शिपाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या बंदूक लागणार हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण आजची रात्र काढल्याशिवाय उद्या येणार नव्हता. १२ डिसेंबर १८४१ला तोयो इथे जोरावरसिंग लढता लढता पडला. शत्रूनं त्याची समाधी बांधली, आणि लिपुलेखमार्गे कैलास-मानसरोवरला जाणाऱ्या आपल्याकडच्या यात्रेकरूंना ती आजही वाटेत दाखवतात. पुढच्याच वर्षी तिबेटी फौज लडाखवर चालून आली आणि तिचाही पराभव झाला. मग दोन्ही बाजूंनी जुन्या सीमा मान्य केल्या.

मराठी वाचकाला या ठिकाणी पानिपत आठवल्याशिवाय राहणार नाही. दख्खनच्या हवेत वाढलेली माणसं दोन-अडीच महिने उत्तरेच्या थंडीत अडकून पडली, हे खरं. पण पानिपत हे थंडीचं उदाहरण म्हणून सांगू नये असं मला वाटतं. भाऊसाहेबांची रसद तुटली, गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले, छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी मरायला लागली, म्हणून १४ जानेवारी १७६१ला रिकाम्या पोटी बाहेर पडून लढावं लागलं. थंडीनं त्या उपासमारीत भर घातली, एवढंच.

जोरावरसिंगाचं सैन्य ज्या लडाखमधून निघालं, तिथे आज आपलं सैन्य बारा महिने असतं. श्रीनगरहून लडाखला जाणारा रस्ता साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीतून जातो आणि बर्फ पडलं की तो बंद होतो. त्यामुळे दर वर्षी उन्हाळ्यात, खिंड उघडल्यापासून, लष्कराच्या ट्रकांच्या रांगा वर जायला लागतात. पीठ, तांदूळ, डाळ, रॉकेल, औषधं, लोकरी मोजे, बर्फातले बूट, हिमवादळात टिकणारे तंबू. सियाचेनला गोळीपेक्षा हवामानानं जास्त जवान नेले, हे तिथल्या प्रत्येक पुरवठा अधिकाऱ्याला पाठ असतं. मी जुलैमध्ये त्या रस्त्यानं गेलो तेव्हा सोनमर्गच्या पुढे दीड तास आमची गाडी बाजूला उभी होती. वर कडक ऊन होतं, मी स्वेटर काढून कमरेला बांधला होता, आणि समोरून ट्रकमागून ट्रक जात होते. एका ट्रकच्या ताडपत्रीखालून रॉकेलचे पिंप दिसत होते, पुढच्यात सरपणासारखे बांधलेले लोकरी कोटांचे गठ्ठे. हवालदाराला मी विचारलं, इतकं आत्तापासून? तो हातानं ट्रक पुढे काढत म्हणाला, “डिसेंबरचं आहे साहेब, उशीरच झालाय.”